आबांची वहिवाट

मी काठीला हात लावला. मुद्दाम नाही. लुगड्याचा एक पदर सुटून आबांच्या डोळ्यांवर फडफडत होता, तो खोचून द्यावा म्हणून हात वर केला आणि बोटं लाकडाला टेकली. एवढंच. आमच्या गावात एवढं पुरतं. तेवढ्या स्पर्शाने देवाचा मान आबांच्या कमरेवरून माझ्या कमरेवर आला, आणि तोवर कौलं मोजण्यापलीकडे अंगमेहनत ठाऊक नसलेला मी गावाचा मानकरी झालो.

त्यात ना माझी भक्ती होती, ना आबांची दया. नीटनेटकेपणाची खोड होती, ती नडली. मालवणात एका कौलांच्या वखारीत मी कारकून होतो. रांगेतलं एखादं कौल वाकडं दिसलं की मला राहवत नसे. इथे पदर वाकडा दिसला.

ही काठी म्हणजे दसऱ्याला निघणारा तरंग. शिसवाचं लाकूड, कधी काळी फोंडाघाटाच्या रानातून आणलेलं, माणसाच्या दुपटीहून उंच. टोकाला चांदीचा मुखवटा आणि त्याखाली नवसाची लुगडी एकावर एक गुंडाळलेली. नवस फिटला की लुगडं चढतं. चढलेलं लुगडं उतरवायची रीत आमच्याकडे नाही, त्यामुळे काठी दर वर्षी जड होत जाते आणि धरणारा दर वर्षी म्हातारा. कमरेला शेला बांधून त्यात काठीचं बूड टेकवायचं, दोन हातांनी छातीशी धरायची, देवळापासून सीमेवरच्या आपट्यापर्यंत न्यायची, तिथे गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेली साद, संपेस्तोवर उभं राहायचं आणि परत आणायची. मध्ये कुठे भुईला टेकवायची नाही. काठीचा मान दोन घरांचा, वरच्या आणि खालच्या. आडनावं वेगळी, देव एक. वाटेत या दोन घरांतल्या कुणाचाही हात काठीला लागला तर देवाने माणूस बदलला असं धरतात. मग काठी त्याची. म्हणून दोन्ही घरांतले पुरुष काठीभोवती हात पाठीमागे बांधून चालतात. परक्या माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, एवढे कैदी सणासुदीचे कुठे चालवलेत.

आम्ही वरच्या घरातले. आबा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील लवकर गेले, आबांना मूलबाळ नव्हतं, म्हणजे घरात पुरुष असे दोनच. त्यातला एक मी, म्हणजे खरं तर एकच.

तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. तिथे दर सोमवारी सकाळी एक प्रकार घडे. आबा अंगावर पंचा टाकून निघत, शेजारच्या दाजींच्या दगडी गडग्यातल्या खिंडीतून आत शिरत आणि त्यांच्या मागच्या परसातून, केळींच्या आणि उकिरड्याच्या मधून, थेट पलीकडच्या फणसापर्यंत चालत जात. फणसाखाली पानाची पिंक टाकत आणि सडकेने घरी परत येत. पलीकडे त्यांचं काही काम नसे. पूर्वी त्या परसातून देवळाकडे जायची पायवाट होती. सडक झाल्यावर ती कुणालाच लागेनाशी झाली. पण वाट आमच्या घराच्या वहिवाटीची होती, आणि वहिवाट पाय लावल्याशिवाय राहत नाही असं आबांचं म्हणणं. पावसात पोटरीभर चिखलातूनसुद्धा ते जात. मी एकदा विचारलं, आबा, जाता कित्याक? ते म्हणाले, "सोमवार चुकलो की वाट चुकली."

हक्काबद्दल त्यांची मतं ठाम होती. "हक्क पेटयेत घालून ठेवचो नसता. कोयत्यासारको रोज हातात धरूक लागता. नायतर गंजता." त्यांच्याजवळ असे बरेच कोयते होते. देवळात पहिला नारळ त्यांचा. होळीच्या झाडावर पहिला घाव त्यांचा. गावात दशावतार आला की पेटीवाल्याच्या उजव्या हाताची चटई त्यांची. आबांना नाटकातलं काही आवडत नसे. राजा येऊन बसण्याआधीच त्यांची मान छातीवर पडे. पण म्हणून चटईवर दुसऱ्याला बसू देतील तर शपथ. झोपले तरी ते हक्काने झोपत.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

एका वर्षी दाजींनी गडग्यातली खिंड चिरे रचून बुजवली. दाजी म्हणजे खालच्या घराचे कर्ते, आबांच्याच वयाचे, चार शब्दांच्या जागी एक शब्द वापरणारे. म्हशी बाहेर जातात, एवढंच कारण त्यांनी दिलं. आबा सोमवारी गेले, चिरे पाहिले आणि परत आले. पण त्या महिन्याच्या गाऱ्हाण्यात देवापुढे उभं राहून त्यांनी दाजींच्या घराचं नाव गाळलं. गाऱ्हाण्यात नाव नाही म्हणजे त्या घराशी गावाची पानसुपारी बंद, सुखदुःखाला जाणंही बंद. हे सांगायचा अधिकार गावात फक्त आबांना होता, आणि तो त्यांनी वापरला. त्या पावसाळ्यात दाजींची आई गेली. दाजी, त्यांचे दोन भाऊ आणि एक जावई, असे घरचेच चौघे तिला घेऊन गेले. मागे कुणी नव्हतं. पाऊस एवढा होता की त्यांना मध्येच थांबून खांदे बदलायला हवे होते आणि बदलायला माणूस नव्हता. आबा आमच्या पडवीत उभे राहून बघत होते. काकी, म्हणजे आबांची बायको, आतून म्हणाली की, जावा तुमी, म्हातारेन तुमका ल्हानपणी जेवक घातलाहा. आबा गेले नाहीत. पण त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. आठवड्याने दाजींनी चिरे काढले. पुढच्या गाऱ्हाण्यात त्यांचं नाव पुन्हा आलं. सोमवारी आबा पुन्हा परसातून चालत गेले. दाजी ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मला आबांचा लळा होता आणि त्या वर्षापासून थोडी भीतीही बसली. दोन्ही शेवटपर्यंत राहिलं.

व्यायाम हा शब्द आबांनी कधी वापरला नसेल. पण त्यांचं सगळं आयुष्य दसऱ्याच्या एका दिवसासाठी अंग तयार ठेवण्यात जाई. बागेला पाणी लावायला गडी मिळत होते, तरी बावीवरची, म्हणजे विहिरीवरची, लाट ते स्वतः ओढत. देवळाच्या पायऱ्या चढताना कठड्याला हात लावत नसत. आणि रोज पहाटे घरातलं मुसळ कमरेच्या पंच्यात रोवून, उभं धरून, बावीभोवती फिरत. भात कांडायला काकीला मुसळ कधी वेळेवर मिळालं नाही. "देवाचा झाला काय मगे माझा," असं म्हणत ती बावीजवळ सूप घेऊन उभी राही.

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या पावसात आबांना खोकला लागला. पावसाबरोबर जाईल असं सगळे म्हणत होते. गेला नाही. दाजींचं घर गडग्यापलीकडेच, तिथे खोकला ऐकू जात असणार. दसरा जवळ आला तसे गावात लोक आबांच्या छातीकडे बघून बोलायला लागले. दर वर्षी मिरवणुकीत दाजी काठीच्या बरोब्बर मागे चालत. हा खालच्या घराचा मान. वरच्या घराचे पाय लटपटले तर हात घालायला ते जवळ हवेत म्हणून. त्यांच्याकडे धरणारे पुष्कळ, त्यामुळे एकदा खालच्या घराने काठी धरली की ती परत वर यायची नाही. काठीबरोबर गाऱ्हाणं जाणार, पहिला नारळ जाणार, चटई जाणार. हे कुणी उघड बोलत नव्हतं, पण त्या दसऱ्याला सगळं गाव काठीकडे न बघता आबांच्या गुडघ्यांकडे बघत होतं.

आबांचे गुडघे हलले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी वेगळंच सांगितलं. ते नेहमीसारखे चालत होते. खोकलाही आला नव्हता. फक्त पदर सुटला होता, आणि मी होतो.

माझी बोटं टेकली तेव्हा ढोल वाजवणारा आधी थांबला. मग सगळे. आबांनी पदराआडून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी वखारीत मालकाचीही पाहिली नव्हती, आणि मी एकदा त्यांची अख्खी गाडीभर कौलं भलत्याच गावाला पाठवली होती. आबा हळू आवाजात म्हणाले, "धर आता. हात लावलंस मां?"

त्यांनी शेला सोडून माझ्या कमरेला बांधला, काठीचं बूड त्यात ठेवलं आणि बाजूला झाले. मी ती कशी धरली, किती वाकवली, मुखवटा कुठल्या घराच्या वळचणीला लागता लागता राहिला, ते सांगत नाही. मला आठवतात ते आबांचे हात. जन्मात पहिल्यांदा त्यांना मिरवणुकीत रिकाम्या हातांनी चालायचं होतं. ते हात त्यांनी पाठीमागे बांधले, मग पुढे घेतले, मग पंच्याच्या टोकाला धरले, मग पुन्हा मागे नेले. जागा सापडत नव्हती. आणि चालता चालता ते माझ्या कानाशी एकसारखे पुटपुटत होते, "हात लावूक अक्कल लागना नाय. धरूक लागता."

गावाने मला हुशार ठरवलं. दाजींचा हात पडायच्या आत पुतण्याने हात घातला, मान घरात राखला, असं लोक म्हणाले. मी पदराचं सांगितलं तर डोळे मिचकावून हसले. दाजी एकदा सडकेवर भेटले आणि थांबले. "बरो डाव केलंस," म्हणाले आणि गेले. मला शपथ घ्यायलाही वेळ दिला नाही. खरी गोष्ट ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

मग एका सोमवारी, दाजींच्या परसातून फेरी झाल्यावर, आबा सडकेने सरळ अंगणात माझ्यापाशी आले. खांद्यावर मुसळ होतं. ते त्यांनी माझ्यापुढे आपटलं आणि म्हणाले, "काठी तुझी. पण तू माझो."

त्या दिवसापासून रोज, वखारीची वेळ होण्याआधी, मी मुसळ घेऊन बावीभोवती फिरायला लागलो. आबा बावीच्या काठावर बसत, खोकत आणि हुकूम सोडत. मुसळाला आधी ओलं गोणपाट गुंडाळलं, मग त्यात रेती भरली, मग आणखी भरली. मला वाटलं होतं उचलायचं शिकवतील. त्यांनी उभं राहायचं शिकवलं. सीमेवर गाऱ्हाणं चालतं तेव्हा काठी घेऊन नुसतं उभं राहावं लागतं, आणि माणूस मोडतो तो तिथे. "उचलूक सगळेच पैलवान," ते म्हणत. "उबो रवाक कोण?" मी अर्धी सकाळ अंगणात मुसळ कमरेला लावून उभा असे. येणारे-जाणारे विचारत, काय रे, शिक्षा झाली काय? मी हो म्हणत असे. खोटं नव्हतं.

माझे हात भरून येत आणि मी मुसळ घट्ट आवळत असे. मग बावीवरून आवाज येई, "हातान धरतंस कित्याक? ती काय म्हशीची शेपटी? कमरेन धर. हात नुसते सोबतीक." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की वखारीत गिऱ्हाइकाला कौलं दाखवतानाही तोंडात येई. तिथे अर्थात शुद्ध भाषेत.

एकदा मुसळ माझ्या हातून निसटलं आणि काकीच्या अंड्यावरच्या कोंबडीवर पडलं. कोंबडी जागच्या जागी गेली. काकीने तिचे सागोती-वडे केले. आबांनी मला पंगतीत बसवलं, वडे वाढू दिले आणि सागोतीचा टोप माझ्या पानावरून तसाच पुढे न्यायला लावला. मेलेली कोंबडी काठी असती तर, एवढंच म्हणाले.

आणखी एकदा मी शहाणपणा करून मालवणच्या बाजारातून छाती रुंद करायची स्प्रिंग आणली. दोन हातांनी ताणायची असते ती. पहिल्याच ताणाला तिचं एक टोक सुटून माझ्या हनुवटीवर बसलं. आबांनी ती निरखून पाहिली, चांगली वस्तू म्हणाले, आणि नेऊन गोठ्याच्या दाराला लावली. दार आपलं आपण बंद व्हायला लागलं. त्या स्प्रिंगचा एवढा उपयोग माझ्या छातीला झाला नसता.

अशा वेळी आबा हसत, आणि हसता हसता खोकत. मग खोकला हसण्याहून लांबायला लागला. होळीपर्यंत ते बावीच्या काठावर बसेनासे झाले, पडवीत बसत. पहिला घाव घालायला गेले, कोयती नुसती झाडाला टेकवली आणि परत आले. मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि माझ्याशी शुद्ध भाषेत बोलले, त्यावरूनच मी समजलो. पाऊस सुरू झाला तसा आबांचा सोमवार चुकला. मग दुसराही चुकला. मी म्हटलं, तुमच्या वतीने मी जाऊन येतंय. ते म्हणाले, "वाट पायांची नसता, माणसाची असता." मी गेलो नाही. गडग्याकडे मात्र रोज बघत होतो. खिंड बुजवायला दाजींना याहून चांगली संधी आली नसती. चिरे तिथेच बाजूला पडलेले होते. ते पडलेलेच राहिले.

भाद्रपद संपत आला तेव्हा काकीने मला मागच्या दारी बोलावलं. तिने जे सांगितलं ते माझ्या ध्यानात आधीच यायला हवं होतं. आबा नवरात्रात गेले तर आमच्या घराला सुतक. सुतकातला माणूस काठीला हात लावू शकत नाही. आमच्याकडे मी सोडून पुरुष नाही. म्हणजे काठी दाजींकडे, कायमची. मग आबांनी जन्मभर बावीभोवती मारलेल्या फेऱ्या, माझी कोंबडी, माझी हनुवटी, सगळं पाण्यात. काकी रडली नाही. "दसरो जावंदे," म्हणाली. "मगे कायव होवंदे."

आबांना हे आमच्या आधी कळलं होतं. नवरात्र बसलं आणि ते रोज सकाळी मला विचारायला लागले, "दसरो खंय पोचलो?" जणू दसरा सडकेने चालत येत होता आणि मी त्याला वाटेत बघून आलो होतो. मी म्हणे, जवळ आला. ते डोळे मिटून पडत. त्यांचा श्वास मी जवळून बघत असे. आत घेतला की ते तो जरा वेळ धरून ठेवत, मग सोडत. खोकला आला तर ओठ आवळून परतवत. बावीवर मला शिकवलेलं सगळं आता ते स्वतः अंथरुणावर करत होते. एका संध्याकाळी मी विचारलं, त्रास होता काय? डोळे न उघडता म्हणाले, "उबो आसंय रे अजून."

त्या दिवसांत आमच्या घरात जी प्रार्थना चाले तिची मला अजून शिसारी येते. मी देवाला आबांचं आयुष्य मागत नव्हतो. दसऱ्यापर्यंतचं मागत होतो. त्यानंतरचं काय, हे मी देवाला सांगितलंच नाही, आणि न सांगण्याचा अर्थ देवाला कळतो. आबाही तेवढंच मागत असणार. पण त्यांचा हक्क होता. मला कुणी दिला होता?

दसऱ्याच्या पहाटे मी तळीवर आंघोळ केली आणि ओल्या पंच्याने आबांच्या पाया पडायला गेलो. दार लोटलेलं होतं. काकी उंबऱ्यात उभी होती, केस बांधलेले, लुगडं नेसलेलं. तिने आवाज न करता दार अर्धं उघडलं. "बोलू नको. आत्ताच डोळो लागलोहा. पाया पड आणि जा."

खोलीत अंधारच होता. वाकळेतून आबांचे पाय बाहेर आलेले दिसत होते. मी डोकं टेकवलं, दोन्ही हात लावले. आदल्या संध्याकाळी ते पाय तापाने भाजत होते. आता गार लागले. मला एवढा आनंद झाला की बोलू नको म्हटलेलं विसरलो. काकीजवळ जाऊन कुजबुजलो, "काकी, ताप उतरलो."

काकी म्हणाली, "उतरलो. जा आता."

मी गेलो. त्या दिवशी काठी मी धरली. वर्षभर रेती वागवलेल्या कमरेला लुगडी तेवढी जड वाटली नाहीत. सीमेवर आपट्याखाली गाऱ्हाणं सुरू झालं. आबा नव्हते आणि मला ते घालता येत नव्हतं, म्हणून देवळाच्या गुरवाने घातलं. तो सावकाश बोलणारा. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा म्हणत लोक साथ देत होते, आणि मी उभा होतो. उभं राहायला शिकलेलो होतो, पण उभं राहायला शिकलेल्यालाही एक वेळ अशी येते की शिकलेलं पायांतून निघून जातं. माझी डावी पोटरी थरथरायला लागली. मी काठी आवळली. आवळली तशी ती मागे कलली, दाजींच्या खांद्याकडे. दाजी माझ्या मागे, एका हाताच्या अंतरावर. त्यांनी हात नुसता सोडला असता तरी तो काठीला लागला असता. कुणी त्यांना बोल लावला नसता. मला ते दिसत नव्हते, पण त्यांची पावलं ऐकू आली. ते मागे सरकले. आणि मागून, ओठांतल्या ओठांत, आवाज आला, "कमरेन धर. हात नुसते सोबतीक."

वर्षभर गडग्यापलीकडे ओट्यावर बसून हा माणूस दोरी वळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

मी कमरेने धरली. गाऱ्हाणं संपलं. काठी परत देवळात पोचली, ढोल थांबला, आणि मी आपट्याची पानं मुठीत घेऊन घराकडे पळत सुटलो. आबांच्या हातावर ठेवणार होतो. बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, पोचलो आणि घरातून काकीचा हंबरडा ऐकू आला.

गाव म्हणालं, केवढी ही इच्छाशक्ती. ढोल थांबल्याचं कानावर आलं आणि म्हाताऱ्याने प्राण सोडला. काठी घरात राखून गेला. अशी माणसं आता होणार नाहीत. मीही तेच म्हणत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, कारण मी स्वतः सकाळी पाया पडून आलो होतो आणि तेव्हा ते शांत झोपलेले होते, तापही उतरला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. काकी समोर बसून ऐकत होती.

उचलायची वेळ झाली तेव्हा दाजी सगळ्यांत आधी पुढे आले. आमच्या सोयऱ्यांच्याही आधी. पुढचा खांदा त्यांनी घेतला. माणसं सडकेकडे वळायला लागली, तर दाजी तिथेच उभे राहिले. "ह्या वाटेन न्हेया," म्हणाले. "तेंची वाट आसा." गडग्याची खिंड तिरडीला पुरेना, तेव्हा दाजींच्या भावांनी कडेचे आणखी चिरे काढले. केळींच्या आणि उकिरड्याच्या मधून, फणसाखालून, आम्ही आबांना नेलं. मागे सगळं गाव होतं. खांदे बदलायला माणसांची कमी नव्हती. दाजींनी मात्र शेवटपर्यंत आपला खांदा बदलू दिला नाही.

ते चिरे त्यांनी परत लावले नाहीत. त्या मोठ्या खिंडीतून त्यांच्या म्हशी आमच्या परड्यात यायला लागल्या. आम्ही काही बोललो नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मी काकीकडे गेलो तर ती मागच्या पडवीत बसून तांदूळ पाखडत होती. भात कांडून झालेलं होतं. मुसळ आता तिला वेळेवर मिळत होतं. मी नेहमीप्रमाणे आबांच्या इच्छाशक्तीबद्दल बोलायला लागलो. ढोल थांबला आणि कसे बरोब्बर गेले, असं काहीतरी.

सूप न थांबवता काकी म्हणाली, "ते सकाळीच गेले. कोंबडो आरवूच्या आदी."

मला सुचलं ते भलतंच. म्हटलं, काकी, मगे सुतक?

"सुतक कळल्यार लागता. तुका खंय कळला होता?"

मी विचारलं, आणि दाजींना कळलं असतं तर? काकीने सूप खाली ठेवलं. दाजींना कळलं होतं. वर्षभर त्यांनी गडग्यापलीकडे आबांचा खोकला ऐकला होता, त्या पहाटे ऐकू आला नाही. ते गडग्यापाशी येऊन उभे राहिले, काकीकडे बघितलं, काकीने त्यांच्याकडे बघितलं, आणि ते आंघोळीला निघून गेले. मिरवणुकीत माझ्या मागे चालताना त्यांना ठाऊक होतं की या काठीवर त्या घडीला हक्क त्यांचा आहे. हात मात्र पाठीमागे होते.

मी भुईवर सांडलेले तांदूळ एकेक करून सुपात वेचले. शेवटी विचारलं की एवढं सगळं लपवायचं होतं, तर मला त्या खोलीत सोडलंच कशाला? मी पायांना हात लावला होता. मला कळलं असतं म्हणजे?

काकीने सूप पुन्हा उचललं. तांदूळ वर उडवला, तूस बाजूला गेलं, तिने ते फुंकरीने अंगणात लोटलं.

"दुसरो कोण असतो तर दारातसूनच परत धाडलं असतंय. तुका सोडलंय, कारण तू पायांक हात लावन ताप उतरलो म्हणतलंस ह्या माका ठावक होता. तुझ्या हाताक काय लागता, ता तुका कदी कळलाहा?"